सांधा सांभाळा! (पोटाचं डायलिसिस आणि जंतुसंसर्ग)

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आरोग्यविषयक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. श्रोत्यांनी नंतर विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरंही त्यात घेतली आहेत.)



आरोग्याच्या कार्यक्रमाला आपल्याकडे दरवर्षी डॉक्टर बोलवायची पद्धत आहे. यंदा समितीने मला उभं केलं आहे आणि मी डॉक्टर नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. मध्य प्रदेश शासनाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागात उपयंत्री आहे. खेड्यांतल्या नळयोजना, पाण्याच्या टाक्या आणि गळक्या लाइनी हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठलं औषध किती घ्यायचं, हे मी सांगणार नाही आणि कुणी विचारूही नये. पण गेली चार वर्षं आमच्या घरी आईचं पोटाचं डायलिसिस चालू आहे. दिवसातून तीन वेळा पिशवी बदलायची असते. ते काम मी, माझी पत्नी आणि माझी मुलगी असे तिघं आळीपाळीने करतो. त्यातून जे शिकलो तेवढंच आज सांगतो. आई इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलतोय.

आधी हे डायलिसिस काय असतं ते बघू. मूत्रपिंडं जवळजवळ काम करेनाशी झाली की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी दुसऱ्या मार्गाने काढावं लागतं. आपल्या ओळखीचा मार्ग म्हणजे मशीनचा. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, चार-चार तास पडून राहायचं. दुसरा मार्ग पोटाचा. आपल्या पोटाच्या आत एक पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. आतड्यांच्या घड्यांवरून गेलेलं ते अस्तर सगळं पसरलं, तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास अंगावरच्या कातडीइतकं भरेल. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटात एक मऊ सिलिकॉनची नळी कायमची बसवतात आणि तिच्यातून साधारण दोन लिटर द्रव आत सोडतात. त्या द्रवात डेक्स्ट्रोज म्हणजे साखर असते. साखर पाणी ओढते आणि रक्तातली घाण अस्तरातून झिरपून द्रवात येते. चार ते सहा तासांनी तो द्रव बाहेर काढायचा आणि नवा भरायचा. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. घरीच होतं, सुई टोचावी लागत नाही. दवाखान्यापासून लांब राहणारे, लहान मुलं, हृदय कमजोर असलेले रुग्ण यांना हे पुष्कळदा सोयीचं पडतं.

मग यात धोका कुठे आहे? तो समजायला मला माझं खातं उपयोगी पडलं.

नळयोजनेत पाणी कुठे खराब होतं, असं विचारलं तर लोक नदीकडे किंवा टाकीकडे बोट दाखवतात. पुष्कळदा टाकीतलं पाणी चांगलं निघतं आणि घरच्या नळाचं खराब. मधे कुठेतरी सांधा गळत असतो, शेजारून गटार जात असते, आणि लाइनीतला दाब गेला की त्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पोटाच्या डायलिसिसचंही असंच आहे. पिशवीतला द्रव कारखान्यातून निर्जंतुक होऊन येतो. पोटाची पोकळीही निरोगी माणसात निर्जंतुक असते. प्रश्न येतो तो दोन्ही जोडायच्या क्षणी. दिवसातून तीन वेळा म्हणजे वर्षात १,०९५ वेळा आपण तो सांधा उघडतो आणि जोडतो. बोटाचं टोक नळीच्या उघड्या तोंडाला एकदा जरी लागलं, तरी कातडीवरचे जंतू थेट पोटात जाऊ शकतात. आत कोमट, साखरेचा द्रव असतो. जंतूंना आणखी काय हवं? पोटाच्या अस्तराला जी सूज येते तिला पेरिटोनायटिस म्हणतात. या उपचारातली सगळ्यांत भीतीची गोष्ट हीच.

या पद्धतीचा इतिहास म्हणजे एका परीने सांधे कमी करण्याचा इतिहास आहे. पोटात कायमची राहू शकेल अशी नळी सिएटलच्या हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये पुढे आणली. आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. त्या नळीवर कापडासारख्या धाग्याचे दोन कफ असतात. त्यात शरीराची ऊती वाढते, नळी घट्ट धरली जाते आणि बाहेरच्या जंतूंना अडसर होतो. पाइप भिंतीतून काढताना आपण भोवती पक्कं भरतो, तसंच. दिवसभर द्रव पोटात ठेवून माणसाने हिंडावं-फिरावं ही कल्पना टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पोपोविच आणि माँक्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली. तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांत यायचा, जोडण्या जास्त व्हायच्या, आणि रुग्णांना वर्षातून कित्येकदा संसर्ग होई. मग टोरांटोच्या ओरिओपोलस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या, जोडण्या घटल्या आणि संसर्गही घटला. त्यानंतर इटलीतल्या पेरुजाच्या बुऑनक्रिस्तियानी यांनी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी नळी आणली. तिचं तत्त्व असं, की जोडणी झाल्यावर नवा द्रव लगेच पोटात सोडायचा नाही. आधी थोडा द्रव नळीतून रिकाम्या पिशवीत वाहू द्यायचा आणि पोटातला जुना द्रवही तिकडेच काढायचा. जोडताना काही जंतू शिरले असतील तर ते बाहेर धुतले जातात. मगच पोट भरायचं. नर्सताईंनी हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘अहो, हे तर आमचं लाइन फ्लश करणं झालं!’’ लाइन दुरुस्त केली की आम्ही पहिलं पाणी वाहून टाकतो, मगच घरांकडचा व्हॉल्व्ह उघडतो.

या सुधारणांचा परिणाम आकड्यात सांगतो. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, की कुठल्याही केंद्रात पेरिटोनायटिसचं प्रमाण एका रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा जास्त नसावं. म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. तीन पिशव्यांच्या हिशेबाने अडीच वर्षांत सुमारे २,७०० जोडण्या होतात. तेवढ्यांत एकदा चुकतं आणि ते प्रमाणही आणखी खाली आणायचं आहे. त्यामुळे घाबरून हा मार्गच नको म्हणायचं कारण नाही. मशीनच्या डायलिसिसमध्येही संसर्ग होतात, विशेषतः मानेत नळी बसवलेली असेल तर.

आता जंतू येतात कुठून ते बघू. वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट हाताची. तिच्याबद्दल बोललो.

दुसरी वाट नळीच्या बाजूने. नळी जिथे पोटातून बाहेर येते, ती जागा म्हणजे कातडीत कायमचं उघडं ठेवलेलं एक दार. तिथे लाली, दुखणं, सूज, आणि विशेषतः पू दिसला तर लगेच दाखवायचं. ती जागा रोज स्वच्छ करायची, कोरडी ठेवायची आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावायचं. नळी टेपने अंगाला चिकटवून ठेवायची, म्हणजे ओढली जात नाही. आपल्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. परकराची नाडी नेमकी त्या जागेवर येता कामा नये. पुरुषांचा पट्टाही तसाच. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी साडी किंवा पँट कुठे बांधता ते डॉक्टरांना दाखवायचं आणि जागेची खूण त्याप्रमाणे करून घ्यायची. आईच्या वेळी नर्सताईंनी स्वतःहून हे विचारलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तिसरी वाट आतड्याची. हात कितीही धुवा, आतड्यात जंतू असतातच. बद्धकोष्ठ झालं किंवा जुलाब लागले, तर ते आतड्याच्या भिंतीतून पोटाच्या पोकळीत उतरू शकतात. म्हणून पोट साफ राहणं ही या रुग्णांच्या बाबतीत किरकोळ गोष्ट नाही. रक्तातलं पोटॅशियम फार कमी झालं तरी आतडी मंदावतात, तेव्हा तपासण्या चुकवू नयेत.

चौथी वाट दुसऱ्या उपचारांची. दात काढणं, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, बायकांच्या काही तपासण्या, या आधी आपल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना कळवायचं. काही वेळा आधीच प्रतिजैविक द्यावं लागतं, काही वेळा पोट रिकामं करून जावं लागतं. दाताच्या डॉक्टरांना आपणहून सांगितलं नाही, तर त्यांना कळणार कसं?

आपल्या देशात क्षयाचे जंतूही पोटात संसर्ग करू शकतात. नेहमीची औषधं देऊनही पिशवी साफ होत नसेल, तर डॉक्टर त्या दिशेनेही तपासतात.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून मुलांनीही ऐका. पोटातून निघालेला द्रव स्वच्छ, फिकट पिवळा असतो. पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि पलीकडची अक्षरं वाचता येतात का ते बघायचं. वर्तमानपत्र चालतं. अक्षरं धूसर झाली, द्रव गढूळ दिसला, तर संसर्ग आहे असंच धरून चालायचं आणि दवाखान्याला फोन करायचा. पोट दुखणं, ताप, उलटी ही बाकीची लक्षणं. पण ताप नसला तरी संसर्ग असू शकतो. कधी पोट आधी दुखतं आणि पिशवी नंतर गढूळ होते. गढूळ पिशवी फेकायची नाही, सोबत घेऊन जायची. प्रयोगशाळेत त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून जास्त, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, असा हिशेब असतो. जंतू कोणता ते बघायला कल्चर लावतात. घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी आधीच घेतली, तर जंतू सापडत नाही आणि पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागतं. म्हणून नमुना दिल्याशिवाय गोळी घ्यायची नाही.

आमच्याकडे हा प्रसंग दुसऱ्या वर्षी आला आणि तोही महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. घरात पंचवीस पानं व्हायची होती. दुपारची पिशवी पत्नीने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रावर ठेवली, तर मथळासुद्धा नीट दिसेना. आईला ताप नव्हता, पोट थोडं जड वाटत होतं. ती म्हणाली, ‘‘आज नको रे. सवाष्णी जेवू देत, उद्या सकाळी जाऊ.’’ माझी मोठी बहीण आली होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, ‘‘आई, वाढायला मी आहे, तू ऊठ.’’ पाऊण तासात आम्ही पिशवी घेऊन दवाखान्यात पोहोचलो. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. ते पिशवीतल्या द्रवातूनच पोटात देतात. तिसऱ्या दिवशी अक्षरं पुन्हा दिसू लागली. औषध मात्र तीन आठवडे चाललं. नळी वाचली.

एक दिवस थांबलो असतो तर? २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दवाखान्यात पोहोचल्यानंतर प्रतिजैविक मिळायला जितके तास उशीर, तितका हे डायलिसिस बंद पडण्याचा किंवा रुग्ण दगावण्याचा धोका वाढलेला त्यात दिसला. तिथे हिशेब तासांचा आहे, आणि आपण ‘‘उद्या बघू’’ म्हणतो. पाच दिवसांच्या योग्य औषधानेही संसर्ग हटत नसेल, तर पुष्कळदा नळी काढावी लागते. बुरशीचा संसर्ग असेल तर ती काढावीच लागते. म्हणूनच प्रतिजैविक चालू असताना डॉक्टर बुरशीविरोधी औषध जोडीला देतात. ‘‘एवढ्या गोळ्या कशाला?’’ म्हणून आपण ते वगळू नये. वारंवार सूज येऊन अस्तर खराब झालं, तर हा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट त्या वेळी घडली आणि खरं तर तीच सांगायला मी आज उभा आहे. कल्चरमध्ये जंतू निघाला तो आतड्यातला. त्या आठवड्यात आईला बद्धकोष्ठ झालं होतं. पण रिपोर्ट यायच्या आधीच भेटायला आलेल्या पाच-सहा जणांनी विचारलं, ‘‘हात नीट धुतले नव्हते का?’’ तेही माझ्या पत्नीसमोर. जी बाई दोन वर्षं घड्याळाच्या काट्यावर पिशव्या बदलत होती, ती रात्री स्वयंपाकघरात रडत बसली. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण याचा परिणाम काय होतो बघा. संसर्ग म्हणजे ठपका, असं घरात ठरलं की पुढच्या वेळी गढूळ पिशवी लपवली जाते. सून सासूला सांगत नाही, सासू मुलाला सांगत नाही, आणि तास निघून जातात. जंतू कुठून आला हे शोधायचं काम प्रयोगशाळेचं आणि दवाखान्याचं. संसर्गानंतर नर्सताई घरच्यांची पद्धत पुन्हा पहिल्यापासून बघतात आणि शिकवतात. ती पद्धतच आहे, चौकशी नव्हे. नातेवाइकांनी फक्त एकच विचारावं, ‘‘गाडी काढू का?’’

आता रोजची शिस्त थोडक्यात. पिशवी बदलायच्या खोलीचं दार-खिडकी बंद, पंखा बंद. तोंडाला मास्क, रुग्णाच्याही आणि बदलणाऱ्याच्याही. कुत्रं-मांजर खोलीबाहेर. अंगठ्या-बांगड्या उतरवून साबणाने हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. ओला हात हा धुतलेला हात नव्हे. मग हातावर सॅनिटायझर चोळायचं. नळीच्या टोकाची टोपी एकदाच वापरायची. तिच्या आत आयोडिनचा स्पंज असतो, ती धुऊन पुन्हा लावायची वस्तू नाही. नळीचं टोक कशाला लागलं, टोपी निसटली किंवा नळीला चीर दिसली, तर क्लॅम्प बंद करायचा, द्रव आत सोडायचा नाही आणि आधी केंद्राला फोन करायचा. लागलं असेल-नसेल अशी शंका असली, तरी लागलंच असं समजायचं.

पाण्याबद्दल माझ्या खात्यातर्फे एक सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू सापडता कामा नयेत, आणि क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं. असं पाणी पिण्याला उत्तम. पण ते निर्जंतुक नव्हे. पिण्याचं पाणी पोटात जातं ते जठरात. डायलिसिसचा द्रव जातो तो पोटाच्या पोकळीत, आणि तिथे जठराचं आम्लही नाही की दुसरं काही नाही. म्हणून सांध्याला नळाच्या पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. थंडीत पिशवी कोमट करायची तर गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नये, केंद्राने सांगितलेल्या कोरड्या उबेच्या साधनानेच करावी. अंघोळ मगाने किंवा शॉवरने, जशी केंद्राने सांगितली असेल तशी. तळं, नदी, विहीर, टब यांत उतरायचं नाही.

यावरून गणेशोत्सवाकडे येतो. विसर्जनाला अशा रुग्णाने काठावरून नमस्कार करावा, पाण्यात उतरू नये. गुलाल नळीच्या जागेपर्यंत जाऊ नये म्हणून ती झाकलेली असावी. धूप-कापराचा धूर असेल त्या खोलीत पिशवी बदलू नये. प्रसादाचा आग्रह करू नये. उघड्यावर राहिलेल्या प्रसादाने आपलं पोट एक दिवस बिघडेल, त्यांचं बिघडलं तर काय होऊ शकतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

मंडळाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. उत्सवाच्या दिवसांत कार्यालयातली एक छोटी खोली, दाराला कडी असलेली, धूळ नसलेली, हात धुवायची सोय असलेली, गरजू रुग्णासाठी राखावी. पिशवीच्या वेळेमुळे माणसं कार्यक्रम अर्धवट सोडून जातात किंवा येतच नाहीत. दुसरी विनंती, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तयार असलेल्या चार-पाच स्वयंसेवकांचे फोन नंबर सूचनाफलकावर लावावेत. ज्या घरात दोन म्हातारी माणसंच आहेत, मुलं पुण्याला किंवा परदेशात, त्यांना याची किंमत कळेल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पुढे पोटाच्या डायलिसिसचाही समावेश झाला आहे. कुणाला गरज असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. कागदपत्रांसाठी माझी मदत लागली तर निःसंकोच सांगा, सरकारी फॉर्म भरणं मला जमतं.

शेवटी ज्यांची मूत्रपिंडं अजून चांगली आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडं निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं आहेत. ज्यांना यांपैकी काहीही आहे, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. सांधा गळायच्या आधी लाइन तपासणं केव्हाही स्वस्त पडतं.

आता साडेसात होत आले. आठला आईची पिशवी आहे आणि आज पाळी माझी आहे, त्यामुळे मला निघावं लागेल.  गणपती बाप्पा मोरया!